कमाठी बागेतले पाच तास कसे काढायचे

‘बाबा दारात उभे होते’ हे वाक्य लिहायला काहीच लागत नाही. तेच काढायला बसलं की प्रश्न सुरू होतात. दार एका फळीचं की दोन? उंबरा किती उंच? बाबांच्या अंगात सदरा की बंडी, पायात चपला की अनवाणी, हात चौकटीला टेकलेला की कमरेवर? लिहिणारा यातलं बरंच मोकळं सोडतो आणि वाचणारा आपापल्या परीनं ते भरून घेतो. चित्रकाराला ती मुभा नाही. पेन्सिल कागदाला लागली की ठरवावं लागतं, आणि जे आठवत नाही तेही ठरवावं लागतं. ग्राफिक मेमॉयरचा, म्हणजे चित्रकथेतल्या आत्मकथनाचा, अभ्यास करायचा तर सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. पान उघडायचं आणि विचारायचं: यातलं लेखकाला नक्की काय माहीत होतं, काय त्यानं अंदाजानं काढलं, आणि हा फरक तो आपल्याला कळू देतो का?

बडोद्यात राहणाऱ्यांना या अभ्यासासाठी उत्तम मजकूर शोधायला लांब जावं लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात बडोद्याचा प्रसंग लिहिला आहे. लेखन १९३५-३६च्या सुमाराचं, पुस्तिका म्हणून छापलं गेलं १९९० साली. प्रसंग १९१७चा. परदेशात शिकून संस्थानच्या नोकरीत आलेल्या तरुणाला राहायला जागा मिळत नाही, तो पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहतो, अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात येतात आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगतात. दोन मित्रांकडे विचारून होतं, दोन्हीकडे सोय होत नाही. दुपारचे चार वाजलेले, मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास ते कमाठी बागेत काढतात. कमाठी बाग म्हणजे आपली सयाजी बाग.

हा प्रसंग दहा-बारा पानांत चित्रकथा म्हणून कसा मांडाल? करून बघा. ग्राफिक मेमॉयरबद्दल चार पुस्तकं वाचून जे कळत नाही ते यात कळतं.

आधी तीन रंगांच्या पेन्सिली घ्या आणि मजकूर खुणा करत वाचा. निळी: जे थेट काढता येईल असं दिलेलं आहे. लाल: जे काढावं लागणार पण मजकुरात नाही. हिरवी: जे मनातलं आहे, दिसत नाही. निळ्यात बरंच सापडतं. पहिल्या मजल्यावरची लहान खोली. शेजारी मोठा दिवाणखाना, त्यात फळ्या, बाकं, मोडक्या खुर्च्या असा अडगळीचा ढीग. विजेचे दिवे नाहीत, एक छोटा कंदील. अंधारात फडफडणारी वटवाघळं. त्या सकाळी ग्रंथालयाला परत करायची म्हणून हातात घेतलेली पुस्तकं, आणि जिन्यावर वाजणारी पुष्कळ पावलं. लाल खुणा मात्र जास्त होतात: धर्मशाळेचा दर्शनी भाग, खिडकी कुठे, त्या बारा माणसांचे चेहरे आणि वयं, बाबासाहेबांचा त्या दिवशीचा पोशाख, बागेतली बसायची जागा.

चूक होते ती लाल खुणांमध्ये. हात सवयीनं चालतो आणि बारा माणसं सिनेमातल्या गुंडांसारखी उतरतात, भुवया चढलेल्या, दात दिसणाऱ्या. मजकूर सांगतो की ती उंच, धिप्पाड, रागावलेली होती आणि प्रत्येकाच्या हातात काठी होती. एवढंच. बाकीचं भरताना तुम्ही साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालत असता. उपाय चौकटीच्या मांडणीत आहे. चेहरे कापून फक्त काठ्या आणि पाय दाखवा, किंवा दाराच्या उजेडात बारा काळ्या आकृत्या उभ्या करा. जे ठाऊक आहे ते ठळक होतं, जे नाही ते खोटं न बोलता अंधारात जातं. समोर पुस्तकं धरलेले दोन हात काढले की त्या चौकटीला दुसरं काही लागत नाही.

दुसरी चूक काळाची. आजच्या सयाजी बागेत जाऊन फोटो काढले तर टॉय ट्रेनचे रूळ आणि तारांगण चित्रात शिरतं. बाग १८७९ची, आतली म्युझियमची इमारत १८९४ची, तेव्हा ती पार्श्वभूमीला खुशाल काढा. बाकी प्रत्येक खांबाला आणि बाकाला ‘हे १९१७ साली होतं का’ असं विचारूनच जागा द्या. ज्याचं उत्तर मिळत नाही ते झाडाआड टाका.

आता हिरव्या खुणा. बाबासाहेब लिहितात की काठ्या घेऊन ओळीनं उभे असलेले ते पारशी आणि त्यांच्यासमोर दयेची याचना करणारा मी, हे दृश्य अठरा वर्षं उलटली तरी पुसलं गेलेलं नाही. म्हणजे या मजकुरात दोन ‘मी’ आहेत: खोलीत उभा असलेला तरुण, आणि अठरा वर्षांनी लिहिणारा माणूस. गद्यात दोघांचा आवाज एकमेकांत मिसळतो. चित्रकथेत त्यांना वेगळं ठेवायला आयती जागा आहे. चौकटीच्या वरच्या पट्टीतलं निवेदन हे लिहिणाऱ्याचं, आणि चौकटीतलं चित्र व फुग्यातला संवाद हा त्या वेळच्या तरुणाचा. पट्टीत ‘आज’, चित्रात ‘तेव्हा’. ग्राफिक मेमॉयरची जवळजवळ सगळी ताकद या दोन थरांमधल्या अंतरात असते. म्हणून पट्टीनं चित्राचीच री ओढली की पान मरतं. चित्रात माणूस रडतोय आणि पट्टीत ‘मला रडू कोसळलं’ असं लिहिलंय, तर दोहोंतलं एक खोडा. बहुतेक वेळा पट्टी खोडावी.

यावर ‘भीमायन’ आवर्जून बघा. २०११ साली नवयान प्रकाशनानं काढलेलं हे पुस्तक. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. काटेकोर व्याख्येनं ते चरित्र आहे, पण त्याचा कणा बाबासाहेबांच्या याच आत्मकथनाचा आहे आणि बडोद्याचा प्रसंगही त्यात आहे. परधान गोंड चित्रपरंपरेतल्या या कलाकारांनी चौकोनी चौकटी नाकारल्या. पान विभागलं जातं ते डिगना या नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी. संवादाचे फुगेही दोन तऱ्हांचे आहेत. सौम्य बोलणाऱ्यांचे, अन्याय सोसणाऱ्यांचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे, आणि जातीचं विष ओकणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. कोणी खलनायकासारखा चेहरा करायची गरजच उरत नाही. चेहरा साधा राहतो आणि बोलणं डंख मारतं. हे पान समोर ठेवून आपल्या काळ्या आकृत्यांशी ताडून पाहा. एकाच अडचणीची दोन पूर्ण वेगळी उत्तरं आहेत ती, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

पाच तासांकडे येऊ. चौकट ही जागा असते, पण वाचताना ती वेळ होते. रुंद चौकट रेंगाळते, अरुंद चौकटींची रांग धावते. दोन चौकटींमधल्या फटीत काय घडलं ते वाचक स्वतः जुळवतो. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३ सालच्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये या उड्यांचे सहा प्रकार सांगितले: क्षणातून लगतच्या क्षणात, एका कृतीतून पुढच्या कृतीत, एका विषयावरून दुसऱ्यावर पण त्याच प्रसंगात, एका प्रसंगातून दूरच्या प्रसंगात, एकाच जागेच्या वेगवेगळ्या अंगांवर नजर फिरवत, आणि काहीच संबंध नसलेली. कुठलंही पुस्तक अभ्यासताना एका प्रकरणातल्या सगळ्या उड्या मोजून त्यांचा तक्ता करा. धाडसाच्या कॉमिकमध्ये कृतीतून कृतीत जाणाऱ्या उड्या भरभरून सापडतात. आत्मकथनात प्रसंगातून प्रसंगात जाणाऱ्या उड्या वाढतात, कारण आठवण वर्षं ओलांडत चालते, आणि अशा प्रत्येक उडीला पट्टीतल्या एखाद्या ओळीचा आधार लागतो. आधार नसेल तर वाचक हरवतो.

बागेसाठी नवख्यांच्या हातून हमखास काय होतं? एक मोठं चित्र, झाडाखाली बसलेला माणूस, वर पट्टी: ‘पाच तास मी तिथे बसून होतो.’ वाचक दोन सेकंदांत पान उलटतो. त्याऐवजी एकाच पानावर सहा सारख्या चौकटी आखा, दोन रांगा, प्रत्येकीत तीन. सहाही चौकटींत तेच झाड, तीच बैठक, नजरेची तीच उंची. पहिलीत चार वाजताचं ऊन, तिसरीत सावली चौकटीबाहेर गेलेली, चौथीत दिवेलागण, सहावीत माणसाची फक्त बाह्यरेषा. मागून येणारीजाणारी माणसं बदलत राहतील, तो हलणार नाही. शब्द एकही नाही. चौकटी सारख्या असल्या की वाचक नकळत त्यांची तुलना करतो आणि तिथेच त्याचा वेळ जातो. यात एकच धोका आहे: चौकटी हुबेहूब नसतील, झाड थोडं सरकलं असेल, तर डोळा त्या चुकीवर अडकतो. म्हणून झाड आणि बैठक एकदाच ट्रेसिंग पेपरवर काढा आणि सहा वेळा उतरवून घ्या.

आता पुस्तकांकडे. यादी लांबवत नाही; तीन पुस्तकांतल्या तीन जागा मात्र जवळून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली, मर्जान सत्रापी यांच्या ‘पर्सेपोलिस’चं पहिलं पान. मूळ फ्रेंच चार भाग २००० ते २००३ या काळात आले. पहिल्या चौकटीत इराणमधली दहा वर्षांची मुलगी, साल १९८०, डोक्यावर स्कार्फ. शेजारच्या चौकटीत वर्गातल्या मुलींचा फोटो असावा तशी रांग, आणि निवेदन सांगतं की मी अगदी डावीकडे बसले आहे म्हणून दिसत नाही. चौकटीच्या कडेनं तिलाच कापून टाकलं आहे. ज्या दोन चौकटींत लेखिकेनं स्वतःची ओळख करून द्यायची, त्यांतल्या एकीतून ती जवळजवळ बाहेर आहे. पुढे सगळं पुस्तक सक्तीनं एकसारख्या केलेल्या मुलींमध्ये ही एक कुठे उरते, याचंच आहे. हे सांगायला तिला कडेची एक रेघ पुरली.

दुसरी, आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’चा दुसरा खंड. वडिलांच्या आठवणी स्पीगलमन यांनी टेपवर नोंदवल्या होत्या, त्यांवरून पुस्तक झालं. पहिला खंड १९८६, दुसरा १९९१, आणि १९९२ साली पुलित्झरचा विशेष पुरस्कार. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं हे सगळ्यांना माहीत असतं. मी सांगतोय ती जागा ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या फाटकातल्या बँडची. मुलगा विचारतो की कैदी कामाला निघताना बँड वाजायचा ना, त्याच्या नोंदी आहेत. वडील म्हणतात, मला फक्त रांगा आठवतात, बँड नव्हता. चित्रकार दोन चौकटी काढतो. एकीत बँड दिसतो. दुसरीत कैद्यांची रांग नेमकी बँडच्या पुढून जाते आणि मागे वाद्यांची टोकं तेवढी उरतात. वडिलांची आठवण खोडलेली नाही, इतिहासही झाकलेला नाही. गद्यात याला तळटीप लागली असती आणि तिच्यात वडील चुकीचे ठरले असते. खरं आयुष्य चित्रकथेत कसं सांगतात असं कोणी विचारलं तर मी आधी हे पान पुढे करतो.

तिसरी, ॲलिसन बेक्डेल यांचं २००६ सालचं ‘फन होम’. लहानपणीच्या रोजनिशीत त्या प्रत्येक विधानाला ‘मला वाटतं’ जोडू लागल्या. मग ते शब्द लिहिण्याऐवजी एक वक्र खूण आली, आणि पुढे ती खूण शब्दांवर, मग अख्ख्या नोंदींवर पसरली. पुस्तकात ती रोजनिशीची पानंच पुन्हा काढलेली आहेत. अक्षरावरची ती खूण पाहिली की दहा वर्षांच्या मुलीची सत्याबद्दलची धास्ती डोळ्यांनी कळते. बेक्डेल यांची पद्धतही शिकण्यासारखी आहे. पुस्तकातल्या माणसांसाठी त्या स्वतःच पोझ देऊन फोटो घेत आणि त्यावरून चित्र काढत. आपल्याला मोबाइल आणि दहा सेकंदांचा टायमर पुरतो. वडिलांचं बसणं काढायचं तर तसं बसून बघा. खांदा कुठे येतो ते कल्पनेनं काढलेल्या चित्रात हमखास चुकतं.

ज्यांना लिहिता येतं पण काढता येत नाही त्यांनी हार्वी पेकार आठवावेत. १९७६पासून ‘अमेरिकन स्प्लेंडर’मध्ये त्यांनी स्वतःचं रोजचं जगणं लिहिलं आणि चित्रं वेगवेगळ्या कलाकारांकडून काढून घेतली, त्यामुळे प्रत्येकाच्या हातचा पेकार वेगळा दिसतो. एकच माणूस किती तऱ्हांनी दिसू शकतो, हे त्यातून आपोआप सांगितलं जातं. आणि हिरोशिमातून सहाव्या वर्षी वाचलेल्या केइजी नाकाझावा यांनी १९७२ साली स्वतःच्या नावानं छोटं आत्मकथन काढलं, तर १९७३पासून तोच अनुभव नायकाचं नाव बदलून ‘बेअरफूट गेन’ या लांब मालिकेत मांडला. नाव बदलल्यावर कल्पनेला किती जागा मिळते ते या दोन्ही कामांना शेजारी ठेवलं की दिसतं.

बडोदेकरांना पाहण्यासारखं आणखी एक, थोडं बाजूचं. एकाच चित्रात कथेचे अनेक क्षण दाखवायची रीत या शहराच्या चांगली परिचयाची आहे. तांबेकर वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं वही घेऊन पाहा: एक प्रसंग कुठे संपतो आणि दुसरा कुठल्या पट्टीनं सुरू होतो, कृष्ण प्रत्येक वेळी कशावरून ओळखू येतो. मग बडोद्याचे चित्रकार भूपेन खख्खर यांचं १९८१चं चित्र ‘यू कान्ट प्लीज ऑल’ पुस्तकात किंवा पडद्यावर पाहा. गच्चीत पाठमोरा उभा माणूस आणि खाली बापलेक-गाढवाची गोष्ट एकाच दृश्यात अनेकदा घडताना. चौकटी नाहीत, तरी क्रम लागतो. आत्मकथनात पात्र सहा वर्षांपासून साठीपर्यंत वाढतं, तेव्हा त्याची अशीच एक न बदलणारी खूण लागते: भांग, चष्मा, कानाची ठेवण. पहिल्याच पानावर ती ठरवा आणि सोडू नका.

अभ्यासातून कामाकडे वळणाऱ्यांसाठी आता घरच्या आठवणी. दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या घरातली आजीची आठवण काढायची आहे असं धरू. ‘मग काय झालं?’ या प्रश्नानं गोष्ट मिळते, चित्र मिळत नाही. चित्रासाठी प्रश्न वेगळे: चूल कुठल्या भिंतीला होती? कंदील खुंटीला की कोनाड्यात? तुझे हात तेव्हा कशात होते? आजीच्या हातात कागद द्या आणि घराचा नकाशा काढायला सांगा. मग तोच नकाशा आत्याकडून वेगळा काढून घ्या. दोघींचा जिना दोन वेगळ्या बाजूंना निघाला तर घाईनं एक खरा ठरवू नका. ते दोन्ही नकाशे पुस्तकात शेजारी छापण्यालायक असतात. बोलणं रेकॉर्ड करा, कारण शब्दांची ठेवण वहीत नीट उतरत नाही आणि फुग्यात तीच लागते.

मापं. पुस्तिका ए-५ आकाराची ठेवली तर मूळ चित्र दीडपट काढा, म्हणजे २२२ × ३१५ मिलिमीटर. हे ए-३ कागदावर आरामात बसतं. दीडपटीचा फायदा असा की हाताची थरथर छापताना कमी दिसते. तोटा असा की सगळंच बारीक होतं: ०.३ मिलिमीटरची रेघ छापून ०.२ होते आणि साध्या झेरॉक्समध्ये तुटते, तेव्हा त्याखाली जाऊ नका. चौकटींमधली फट मूळ कागदावर ६ ते ८ मिलिमीटर. स्पीगलमन यांनी ‘माउस’ छापील आकारातच काढलं, त्यामुळे त्याची रेघ जाड आणि हाताच्या अक्षरासारखी राहिली. रोजनिशीचा पोत हवा असेल तर तोही मार्ग आहे, पण चुका लपत नाहीत.

कागद २०० जीएसएमचा गुळगुळीत कार्ट्रिज. पातळ कागदावर शाई पसरते आणि रेघेला केस फुटतात. पेन्सिल २एच, हलक्या हातानं. शाई वॉटरप्रूफच, वर पाण्यात कालवलेली करडी छटा द्यायची असेल आणि शाई वॉटरप्रूफ नसेल तर अख्खी चौकट काळवंडते. शाई वरून कोरडी दिसली तरी जाड भाग आत ओला असतो, खोडरबर घाईनं फिरवलं की डाग पडतो. अर्धा तास थांबा, पावसाळ्यात त्याहून जास्त. स्कॅन ६०० डीपीआयला, ग्रेस्केलमध्ये.

अक्षरांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. कॉमिकच्या अक्षरलेखनाचे प्रचलित नियम रोमन लिपीसाठी झालेत आणि देवनागरीला ते पुरत नाहीत. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. ओळी जवळ घेतल्या तर वरच्या ओळीतल्या ‘कू’चा उकार खालच्या ‘कै’च्या मात्रांत अडकतो. दीडपट कागदावर अक्षराची उंची ४ मिलिमीटर ठेवलीत तर एका शिरोरेषेपासून दुसरीपर्यंत निदान ९ ते १० मिलिमीटर सोडा. ‘द्ध’, ‘ष्ट्य’, ‘क्ष्म’ अशी जोडाक्षरं लहान करून एक छापून पाहा. ठिपका झाला असेल तर अक्षर मोठं करा, शब्द कापू नका. फुग्याची कड आधी काढून मग आत मजकूर कोंबणं ही सगळीकडे दिसणारी चूक. आधी ओळी आखा, मजकूर लिहा, मग भोवती कड फिरवा. मराठी शब्द प्रत्ययांनी लांब होतात आणि ते ओळीच्या शेवटी तोडलेले वाईट दिसतात, त्यामुळे आपला फुगा उभट न ठेवता आडवा ठेवावा. शिरोरेषा ही स्वतःच एक भक्कम आडवी रेघ आहे. चौकटीच्या वरच्या रेघेला ती चिकटली की दोन्ही मिळून जाड पट्टा दिसतो. मध्ये निदान अर्ध्या अक्षराइतकी जागा ठेवा. एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर गेलात तर फुगा फोडून दोन करा.

संगणकावर अक्षरं टाकणार असाल तर मजकुराच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू आहे ना ते आधी बघा, नाहीतर वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटतात. पण हातानं लिहिता येत असेल तर हातानंच लिहा. आत्मकथनात अक्षर हाही चेहरा असतो.

बडोद्याच्या मराठी घरांना यात एक खास सोय आहे. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, हे आपलं रोजचं. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. शेजारच्या काकींचं बोलणं गुजराती लिपीत लिहिलं की वाचण्याआधीच भाषा बदलल्याचं डोळ्याला कळतं. वाचक महाराष्ट्रातले असतील तर ते गुजराती शब्द देवनागरीत, पण शिरोरेषेशिवाय लिहा. परिणाम बराचसा तोच राहतो. एकाच वाक्यात अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलणारा मामा असेल तर शिरोरेषा मध्येच थांबवा. हे प्रयोग इंग्रजीत करणाऱ्यांना सहज जमणारे नाहीत, आणि आपण ते करत नाही याची मला मनापासून खंत आहे. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४) आणि ‘बलुतं’ (१९७८) यांसारखी आत्मकथनं ज्या भाषेत लिहिली गेली, त्या भाषेत खरी आयुष्यं चित्रकथेत सांगणारी पुस्तकं आज शोधावी लागतात.

बांधणीचं थोडक्यात. मध्ये पिन मारायची तर पानं चारच्या पटीत हवीत. सोळा पानांना ए-४चे चार कागद. पहिलं पान उजवीकडे येतं, म्हणजे २-३, ४-५ अशा जोड्या समोरासमोर दिसतात. वाचकाला दचकवणारी गोष्ट सम क्रमांकाच्या पानावर ठेवा, म्हणजे पान उलटल्यावरच दिसेल. काठ्या घेतलेली माणसं पाचव्या पानावर असतील तर चौथं वाचतानाच नजर तिकडे जाते. पावलांचा आवाज पाचव्यावर आणि दार सहाव्यावर. शाई लावण्याआधी तळहाताएवढ्या चिठ्ठ्यांची नकली पुस्तिका करून पानं उलटून बघा.

पेन्सिलीतली पानं आजी-आत्यांना दाखवा, शाईनंतर नको, कारण शाई झाल्यावर आपण बदलायला तयार नसतो. जिवंत माणसाचा चेहरा छापण्याआधी त्याची परवानगी घ्या. नको म्हणाला तर नाव आणि चेहऱ्याची खूण, दोन्ही बदला. आजी ‘असं नव्हतं’ म्हणाली आणि तुमच्याकडे कागद किंवा फोटो असेल, तर बँडवाल्या दोन चौकटींसारखा मार्ग काढा. सोळावं पान मात्र चित्राला देऊ नका. तिथे बारीक अक्षरात नोंदी टाका: पान ४चा कंदील आत्याच्या सांगण्यावरून, पान ७चं दुकान घरच्या फोटोवरून, पान ९वरचे मामाचे कपडे अंदाजानं, पान ११चा संवाद रेकॉर्डिंगमधला, शब्द तेच, क्रम बदललेला.